सी तहामींची सही

सफ्रू गावच्या जुन्या पेठेत दस्तऐवज लिहिणारे दोन अदूल सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी बसत होते. एक सी तहामी, दुसरे सी बुअज्जा; 'सी' म्हणजे तिथला 'श्री', बाईमाणसाला 'लाल्ला'. लग्न असो, वाटणी असो, घराची विक्री असो, दोघांनी मिळून ऐकायचं, दोघांनी वाचायचं आणि दोघांनी सही करायची, असा त्या पेशाचा रिवाज. एकट्याच्या सहीला कुणी विचारत नाही. आणि अदुलाची सही म्हणजे गाठी आणि वेटोळ्यांचा असा गुंता, की लोक तिला भुंगा म्हणतात. सी तहामींच्या भुंग्याची नक्कल करायला गेलेल्या एका भामट्याने म्हणे तीन वह्या खर्ची घातल्या आणि शेवटी नाद सोडला.

हा भुंगा सी तहामींना न बघताही काढता यायचा. सगळा घोटाळा तिथेच झाला.

काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली. साठीला समोरच्या माणसाचं नुसतं नाक दिसायचं, मग तेही दिसेनासं झालं. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बायकोला, लाल्ला तामूला, तेवढं ठाऊक होतं. "बाजारात चाललेच आहे" असं म्हणत ती त्यांना कचेरीच्या दारापर्यंत सोडायची आणि आतली अकरा पावलं त्यांनी मोजून ठेवली होती. बुअज्जा दस्तऐवज मोठ्याने वाचायचे, हे मान डोलवायचे, कागदाची खालची कड चाचपायचे आणि भुंगा काढायचे. असं दोन वर्षं चाललं. मग पाठ दुखते म्हणून घरी बसले. हट्टी माणूस. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी कमरेला पट्टा बांधून हिंडणं पत्करलं.

"अहो, रेडिओ ऐकून ऐकून तुम्ही रेडिओसारखेच बडबडायला लागलात," एके दिवशी तामू म्हणाली. "भाकरीच्या भट्टीच्या वरच्या खोलीत आंधळ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. उद्यापासून जायचं."

"मी आंधळा नाही. मला नीट दिसत नाही एवढंच."

"बरं. मग काल साखर समजून चहात मीठ कुणी टाकलं?"

गेले. शिकवणारी हस्ना जन्मांध, वय सव्वीस. खोलीत सहा कॉम्प्युटर आणि पडदा एकालाही नाही. सी तहामी सवयीने पडद्याच्या जागी वाकले आणि त्यांचं नाक भिंतीला लागलं. त्यांनी गुपचूप नाक चोळलं. आपल्याला कुणी पाहिलं नाही, कारण इथे पाहणारं कुणीच नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांना दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

कॉम्प्युटरमधलं सगळं वाचून दाखवणाऱ्या आवाजाला तिथली मंडळी फकीह म्हणायची, मशिदीतल्या मास्तरासारखा एकसुरी म्हणून. हस्नाचा फकीह इतका भरधाव बोलायचा की जणू कढईत हरभरे तडतडताहेत. सी तहामींनी आपला मुंगीच्या चालीवर ठेवला. पहिले दोन आठवडे नुसती बोटं शिकली. दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, तिथून बाकीची बटणं मोजायची. खालचा बाण दाबला की पुढची ओळ, बाजूचा दाबला की एकेक अक्षर. ज्या माणसाने हजारो दस्तऐवज लिहिले त्याला स्वतःचं नाव लिहायला पाऊण तास लागला. फकीहने ते वाचून दाखवलं तेव्हा सी तहामींनी नाक ओढलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

दीड महिन्याने हस्नाने त्यांना एक लॅपटॉप घरी नेऊ दिला. म्हणाली, "ज्याचा शब्द न् शब्द तुम्हाला पाठ आहे असं काहीतरी वाचायला घ्या. म्हणजे फकीह कानाला बसेल."

पाठ काय, तर दस्तऐवज. तामू कचेरीत गेली आणि टायपिस्ट बाईकडून शेवटच्या दोन वर्षांचे दस्तऐवज पेनड्राइव्हवर घेऊन आली. गुरुवारी दुपारी सी तहामी ऐकायला बसले. एक लग्न, एक वाटणी. फकीहच्या आधीच त्यांच्या तोंडात पुढचं वाक्य यायचं आणि ते मजेत हसायचे.

तिसरा दस्तऐवज शेजारच्या दावियाचा निघाला. अल्लाल सुताराची विधवा, पोरबाळ नाही, अक्षरओळख नाही. गल्लीत यांच्या समोरच राहायची. गेल्या वर्षी ती दिराला, मैमूनला, घेऊन कचेरीत आली होती. घराखालच्या दुकानाचं भाडं दिराने तिच्या वतीने गोळा करावं, एवढाच मजकूर. बुअज्जांनी तसंच वाचलं होतं.

फकीह म्हणाला, "वरील दावियाने आपलं राहतं घर दुकानासह दीर मैमून यास कायमचं विकलं आहे."

सी तहामींचं बोट थबकलं. त्यांनी वरचा बाण दाबला, पुन्हा खालचा. तीच ओळ. यंत्र बिघडलं असेल म्हणून ते बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. मग बाजूच्या बाणाने एकेक अक्षर सोडवून घेतलं, लहान पोराला शिकवतात तसं. फकीहला राग नव्हता, लाज नव्हती, त्याने मागितलं तेवढ्या वेळा तेच सांगितलं. किंमत पोचली आहे. एक ऑगस्टला विक्रेती घर रिकामं करील. वरील मजकूर दोन्ही अदुलांनी पाहिला व वाचला. खाली, सी तहामी, सी बुअज्जा.

जून अर्धा सरला होता. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते सी तहामींना बसल्या जागी कळलं. त्यांनी तामूला हाक मारली.

तामूने ती ओळ दोनदा ऐकली. "तुमचा भुंगा आहे त्याच्यावर?"

"आहे."

"आणि तुम्हाला त्या दिवशी..."

"तूच सोडायला आली होतीस ना मला."

तिनेच दिला होता हात, रोज, दोन वर्षं.

त्यांनी बुअज्जांना फोन लावला. सत्तावीस वर्षं एका किटलीतला चहा प्यायलेला माणूस. सी तहामींना वाटलं होतं तो गडबडेल, टायपिस्टवर ढकलेल. बुअज्जांनी नीट ऐकून घेतलं.

"तहामी, तू पाहून सही केलीस," ते शांतपणे म्हणाले. "दोघांनी पाहिलं, असंच लिहिलंय ना?"

"मला दिसत नव्हतं. तुला ठाऊक होतं."

"मला काय ठाऊक? तुझी पाठ दुखत होती. पण आता म्हणतोस तर जा, सांग न्यायाधीशांना, मी आंधळा होतो म्हणून. मग त्या दोन वर्षांतली लग्नं, वाटण्या, सगळ्यांवर प्रश्नचिन्ह. लोक तुझ्या दाराशी येतील, माझ्या नाही. पाठीची काळजी घे."

बुअज्जांनी फोन ठेवला. हरामखोराने सगळं आधीच मोजून ठेवलं होतं. त्याने कुणाचा भरवसा विकला ते सी तहामींना आता लख्ख कळत होतं, आणि विकायला ठेवला कुणी होता तेही. दावियाने त्या दिवशी दोनदा विचारलं होतं, "सी तहामी, बरोबर आहे ना?" आणि त्यांनी मान डोलवली होती.

शुक्रवारी सकाळी ते हस्नाच्या खोलीत जाऊन बसले. न्यायाधीशांना आठ ओळींचं पत्र लिहायला चार तास लागले. पहिली ओळ त्यांनी सात वेळा पुसली. पाठीचा उल्लेख कुठे घालता येईल का ते बघितलं, लाजेने तोही पुसला. शेवटी फकीहने वाचलं, "या दस्तऐवजावर सही केली तेव्हा मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं होतं." सगळ्या गल्लीला बातमी सांगितल्यासारखं. कागद छापून हातात देताना हस्ना एवढंच म्हणाली, "अक्षरं सगळी बरोबर आहेत, सी तहामी."

दाविया दर शुक्रवारी भट्टीवरून येताना त्यांच्याकडे एक गरम भाकर ठेवून जायची. आजही आली. सी तहामींनी तिला बसवलं, लॅपटॉप उघडला, आणि फकीहला तिचा दस्तऐवज वाचू दिला. मग हातातलं पत्र त्यांनीच तोंडपाठ म्हणून दाखवलं.

भाकरीचा वास खोलीभर पसरला होता.

"लाल्ला दाविया," सी तहामी म्हणाले, "मला दिसत नव्हतं."

"ते ठाऊक होतं मला."

आदल्या दिवसापासून बसलेले धक्के कमी होते की काय, म्हणून सी तहामींना हा आणखी एक.

"माझ्या अल्लालचे डोळे असेच गेले," ती म्हणाली. "तुम्ही सही करताना कागदाची कड चाचपलीत ना, तोही लाकडाची कड तशीच चाचपायचा. घरी जाऊन तामूला विचारावं असं मनात आलं होतं. पण म्हटलं, माणूस झाकतोय तर आपण कशाला उघडं पाडायचं. आणि म्हटलं, ज्याला दिसत नाही तो नीट ऐकत असेल. तुम्ही नीट ऐकत असाल म्हणून मी अंगठा दिला."

तिच्या आवाजात राग असता तर सी तहामींना सोपं गेलं असतं. ते हमसून रडले, बायकोदेखत आणि परक्या बाईदेखत, आणि या वेळी खोकल्याचं निमित्त केलं नाही.

"माझं घर राहील का?" दावियाने विचारलं.

"ठाऊक नाही. पत्र न्यायाधीशांपुढे जाईल. बुअज्जा भांडेल. मी प्रत्येक वेळी येऊन हेच सांगेन, इतकं मात्र नक्की."

"मग सही करा. कचेरी दुपारी उघडते."

तामूने पेन दिलं. सी तहामींनी कागद पुढ्यात घेतला, हात खालच्या कडेकडे निघाला, आणि त्यांनी तो मधेच आवरला.

"कुठे करू?" त्यांनी विचारलं. "मला दिसत नाही."

दावियाने त्यांचं बोट धरलं आणि कागदावर जिथे कोरं होतं तिथे टेकवलं.