बाईंनी मोकळी केलेली खिडकी

आमच्या आवक-जावकच्या बाईंनी मनावर घेतलं असतं, तर टेबलावरच्या रबरी शिक्क्यालाही पालवी फुटली असती. नाशिकच्या आमच्या सरकारी कार्यालयात आल्या-गेल्या पत्रांची नोंद ठेवायची, एवढंच त्यांचं काम. पण आम्हा अकरा जणांची तब्येतही त्यांनी परस्पर आपल्याकडे घेतली होती. बाई पेठ तालुक्यातल्या. कोणी तिसरा चहा मागवला, की त्यांच्या डब्यातली नागलीची भाकरी त्याच्या फाइलवर येऊन बसे. दर तासाला स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजे. "उठा! बसून बसून मुळं फुटतील!" आणि आम्ही निमूट व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून येत असू. रंगाचे रिकामे डबे, फुटकं बेसिन, मिळेल त्यात त्यांनी तुळस, कोरफड, मनीप्लांट लावले. आमच्यापेक्षा मनीप्लांटचीच बढती भराभर होत गेली.

हवा मात्र नव्हती. मोठी खिडकी जुन्या फायलींच्या पाच कपाटांमागे बुजलेली. दिवसभर ट्यूबलाइट, कुबट वास आणि जड डोकी. एका शनिवारी, सुट्टी असूनही, बाईंनी आम्हाला बोलावलं, पदर खोचला आणि पाचही कपाटं आमच्याकडून समोरच्या भिंतीला लावून घेतली.

सोमवारी साहेब लालबुंद. "कोणाच्या परवानगीने हलवलंत हे?"

बाई रजिस्टर घेऊन उभ्या राहिल्या. "साहेब, अर्ज दिलाय. आवक नंबर मीच टाकला. तीन महिने तुमच्या टेबलावर हाय. नाय म्हणायचं तर आता म्हणा, त्याचीबी नोंद घेते."

साहेबांनी केबिनमधून गठ्ठा आणून आमच्यासमोरच उपसला. अर्ज निघाला. तो वाचताना खिडकीतून वारा आला आणि कागद उडू लागले. ते हाताने दाबत साहेब बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग सही केली आणि हळूच म्हणाले, "बाई, माझ्या केबिनचं काय?"

आता शेजारच्या कार्यालयांतले लोक आमचं ऑफिस बघायला येतात. मी त्यांना छाती फुगवून फिरवतो, जणू पाचही कपाटं मी एकट्यानेच उचलली होती.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. त्यांना पेठच्या एसटीत बसवून द्यायला मी गेलो होतो. बोलायचं खूप होतं; तोंडून एवढंच निघालं, "बाई, यंदा थंडीत मला एकदाही खोकला झाला नाही."

"मंग रडतो कशाला?"

"धूळ लय हाय," मी म्हणालो.