मुक्ताची पाठराखीण

शेवंता सिस्टर मला पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्या दीड वर्षाच्या मुलीच्या खाटेशी. कमरेवर हात ठेवून त्या तिला विचारत होत्या, "काय गं ठमाबाई, सासरी कवा जायचं?" मला रागच आला. माझ्या मुक्ताला गिळता येत नव्हतं. तोंडाने दिलेलं दूध छातीत उतरायचं आणि आम्ही पुन्हा बीडच्या दवाखान्यात भरती. शेवटी डॉक्टरांनी पोटाला छिद्र पाडून नळी बसवली होती. आता दूध तिच्यातूनच द्यायचं होतं. माझे अश्रू वाळत नव्हते आणि या बाईंना थट्टा सुचत होती.

वॉर्डातल्या दुसऱ्या आयांनी मग मला समजावलं. सिस्टर घरालाच सासर म्हणतात. दवाखाना हे अशा लेकरांचं माहेर, आणि घरी जाणं म्हणजे नांदायला जाणं. "हितं काय, बेल दाबली की मी हाय. घरी बेल न्हाई," असं त्या प्रत्येक आईला सांगत. नळी किंवा यंत्र लावलेलं लेकरू घरी निघालं की त्या स्वतःची रजा टाकून त्याच्यासोबत दोन-तीन दिवस राहायला जात. नव्या नवरीसोबत पाठराखीण जाते ना, अगदी तशा. नेसूची दोन लुगडी, दाताची मिसरी आणि हात धुवायचा स्वतःचा साबण एवढं त्यांचं सामान. ठेंगण्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की झोपलेलं लेकरू दचकावं, पण एकही दचकत नसे.

त्यांची अट मात्र कडक होती. "मास्तरीणबाई, एका माणसाच्या जिवावर मी लेकरू सोडत न्हाई. तू तापानं पडलीस तर? दुसरा हात दाव."

दुसरा हात आणायचा कुठून? माझे यजमान एसटीत चालक, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. लिंबागणेशच्या पुढे आमची वस्ती, तिथे उरले फक्त सासरे, आबा. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. नळी बसवल्यापासून ते एकदाही दवाखान्यात फिरकले नव्हते. "मला बघवत न्हाई," एवढंच फोनवर म्हणाले. माझी शाळेची रजा संपत आली होती. आबा तयार झाले नाहीत तर मला नोकरी सोडावी लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सिस्टर म्हणाल्या, "चल, घरी जाऊन बघू. आबा काय वाघ हायत का?"

निघायच्या आदल्या दिवशी यजमानांनी आबांना फोन लावला. आमच्या वस्तीवर फोनला रेंज म्हणजे कडब्याच्या गंजीवर चढल्यावर अर्धी काडी. "सकाळी येतोय, संगं पाठराखीण हाय," एवढं आबांना ऐकू गेलं आणि फोन तुटला. आता पाठराखीण येते ती नवरीसोबत. माझा धाकटा दीर संतोष पुण्याला कंपनीत, आणि त्याचं तिकडे कुठेतरी जमलंय अशी कुजबुज वस्तीवर होतीच. आबांनी मनाशीच हिशेब जुळवला. पोरानं गुपचूप लग्न उरकलं, थोरला भाऊ नवरी घेऊन येतोय. चिडले असतील, पण सून दारात येणार म्हटल्यावर करतात काय!

आमची जीप वस्तीवर वळली तर हलगी कडाडतेय. दारात सडा, उंबऱ्यावर तांदळाचं माप, बायका ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. आबांनी ठेवणीतला लाल पटका बांधलेला. मी मात्र मुक्ताच्या पोटावरची नळी शालीखाली झाकून, कुणाला न दिसता आत कसं शिरावं या विचारात होते. आबांनी जीपमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, "नवरी कुठंय?"

हलगी थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. कानकोंडं होणं काय असतं ते मी आबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पाहिलं.

सिस्टरांना मात्र क्षणात उलगडा झाला. मुक्ताला कडेवर घेऊन त्या खाली उतरल्या. "ही काय नवरी! म्हायेराहून आलीया. वाजवा की बे, थांबलात कावून?" हलगीवाले इतके दचकले की त्यांनी मुकाट्याने सुरू केलं. मग सिस्टरांनी मुक्तावरची माझी शाल ओढून बाजूला केली. "दागिना कुणी झाकत असतंय व्हय?" बायकांनी वाकून वाकून नळी पाहिली, प्रश्न विचारले आणि ओवाळलं. सिस्टरांनी मुक्ताचा इवलासा पाय धरून माप लवंडलं. तांदूळ सांडलेले बघून मुक्ता खदाखदा हसली. मला इतका वेळ वाटणारी लाज कुठल्या कुठे गेली.

आबा मात्र कोपऱ्यात पटका सोडून बसले. नळीला हात लावायचं नावच काढेनात. "माजे हात मेंढरातले. न्हाई जमायचं." सिस्टर म्हणाल्या, "तुमाला कोन म्हणतंय?" आणि वाद संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुक्ताला मांडीशी टेकवून बसवलं, नळीला मोठी सिरिंज जोडली, तिच्यात दूध ओतलं आणि एकदम ओरडल्या, "अगं बया, चुलीवरचं उतू चाललं! आबा, हे नुस्तं वर धरा." सिरिंज आबांच्या हातात देऊन त्या आत आल्या. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. मी बाहेर धावणार तोच त्यांनी माझं मनगट पकडलं आणि दाराच्या फटीतून बघायला लावलं.

आबा आधी ताठ बसले होते. दूध भराभर उतरू लागलं तसा त्यांनी हात आपोआप थोडा खाली घेतला. सावकाश झालं तसा वर नेला. मुक्ता त्यांच्या पटक्याचं टोक ओढत होती आणि ते तिला म्हणत होते, "हळू गं माय, दमानं. कुणी पळवत न्हाई." पोरक्या कोकरांना बाटलीने दूध पाजताना ते असंच बोलत.

"संपलं!" त्यांनी हाक मारली. "मग पाणी सोडा की वरून. नळी धुवाया माजा बाप येणार हाय का?" सिस्टर आतूनच ओरडल्या. माझं मनगट मात्र त्यांनी अजून सोडलं नव्हतं, आणि फटीला लावलेला डोळाही काढला नव्हता. तेव्हा मला कळलं, ही बाई प्रत्येक घरात अशीच भीत असणार.

त्या गेल्यावर मी ऊठसूट फोन करायची. दूध हळू उतरतंय, छिद्राभोवती लाल दिसतंय. दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला, "आबाला इचारलं का?" लाल दिसण्याचं मात्र त्या नीट ऐकून घेत, गरज वाटली तर दवाखान्यात बोलावत. बाकी वेळी फोन कट. मला फार राग यायचा. मी मात्र आबांच्या भरवशावर रोज शाळेत जाऊ लागले होते.

पुढच्या वर्षी सिस्टर निवृत्त होऊन मुलीकडे नगरला राहायला निघाल्या. निरोप घ्यायला आमच्याकडे आल्या तेव्हा मुक्ताची दुधाची वेळ झालेली. आबा अंगणात तिला मांडीवर घेऊन बसले होते. सिस्टरांनी सवयीने हात धुतले, पदर खोचला आणि सिरिंज घ्यायला वाकल्या.

आबांनी मान वर न करता हात आडवा घातला. "ऱ्हाऊ द्या बाई, तुमी आता पाव्हण्या. तिकडं खाटंवर बसा. ही दुसऱ्याच्या हातनं घेत न्हाई."

सिस्टर खाटेवर बसल्या, चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसत, आमच्या घरी पहिल्यांदाच, बसून चहा प्यायल्या.