फांदीवरची लाल खूण

मुलुंडच्या त्या सोसायटीत श्यामकांत परबांना सगळे बांडगूळकाका म्हणत. झाडावर उगवेल ते बांडगूळ, अशी लोकांची पक्की समजूत. रानातली आमरी, म्हणजे ऑर्किड, झाडाला नुसती धरून बसते, त्याचं काही खात नाही, हे परबांनी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. ऐकलं कोणी? लोक माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांडगूळकाकाच म्हणत.

घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षं काढली. आठवडाभर लग्नं, मुंजी आणि पासपोर्टचे आखडलेले चेहरे. सुटीचा दिवस मात्र येऊरच्या डोंगरात. फूल तोडायचं नाही आणि त्याची जागा कोणाला सांगायची नाही, एवढे दोनच नियम. सदतीस जातींच्या आमरींचे फोटो जमले. प्रदर्शन नाही, पुस्तक नाही, कपाटात चौदा अल्बम.

"माझा एक धड फोटो नाही घरात," त्यांची बायको चेतना म्हणायची, "आणि या भवान्यांनी कपाट भरलंय."

मग काचबिंदू आला. कडेचं दिसणं हळूहळू मिटत गेलं, उरलं ते नाकासमोरचं. डोंगरात दोनदा पाय घसरल्यावर चेतनाने त्यांचे बूट उचलून माळ्यावर टाकले.

आता एकच आमरी उरली होती. सोसायटीच्या आंब्यावर, त्यांच्या गॅलरीसमोरच्या फांदीला सीतेची वेणी नावाची ती आमरी होती. एका वादळात ती अर्धी उपटली गेली आणि त्यानंतर सहा वर्षं नुसती पानं. यंदाच्या मे महिन्यात तिला कळ्यांचा तुरा लोंबला. पुढच्या वर्षी कॅमेऱ्यातून कितपत दिसेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हा तुरा फुललेला टिपायचा, मग कॅमेरा ठेवून द्यायचा, असं परबांनी ठरवलं. रोज सकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत.

नेमकी तेव्हाच सोसायटीने झाडं छाटायला काढली. परब सेक्रेटरी यज्ञेशकडे गेले.

"एवढी एक फांदी सोड रे बाबा. पंधरा दिवसांत फुलेल ती."

"काका, टेन्शन नका घेऊ. तुम्हीच खूण करून ठेवा ना, मी त्यांना सांगतो खूण बघा म्हणून."

खूण कशी करायची, हा प्रश्नच परबांना पडला नाही. स्टुडिओत लग्नाचे फोटो आधी छोटे छोटे एकाच कागदावर छापायचे आणि त्यातला जो ठेवायचा, त्याच्याभोवती लाल गोल करायचा. चाळीस वर्षं हात तेच करत आला होता. त्यांनी वॉचमनची शिडी लावली, चाचपडत चढले आणि फांदीच्या बुडाशी तिच्याभोवती लाल रंगाचा गोल ओढला. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

छाटणीच्या दिवशी डोळ्यांची तपासणी होती. दुपारी चेतनाचा हात धरून ते फाटकातून आत आले आणि सवयीने मान वर केली. तिथे आभाळ होतं. बाकीच्या फांद्यांची फक्त टोकं उडवलेली. ही एकच मुळापासून गेली होती.

दोर गुंडाळत बसलेला मुकादम मिथुन त्यांच्याकडे बघून चक्रावला. "खूण बघा, एवढंच सांगितलं होतं आम्हाला. लाल मारलंय ती तोडायची, काका. सगळीकडे तसंच असतं. तुमची फांदी जाड होती, दोन तास गेले. कोणी मारलं होतं लाल?"

"मी," परब म्हणाले.

"मग?" मिथुनने विचारलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

फांद्यांचा टेम्पो तासापूर्वीच गेला होता. परब गुडघ्यांवर बसले आणि हाताने पालापाचोळा चाळू लागले. आंब्याचीच पानं हाताला लागत राहिली. शेवटी चेतनाने त्यांना बगलेत धरून उठवलं. इतकं रडू त्यांना आई गेली तेव्हाही आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने गॅलरीचा पडदा ओढायला घेतला.

"राहू दे," परब म्हणाले.

करवत खुणेला लागूनच चालली होती. खोडावर फांदीचा थोटका खुंट उरला होता आणि त्याच्याभोवती तो लाल गोल जसाच्या तसा होता. कडेचं त्यांना काही दिसत नव्हतं. हा बरोबर नाकासमोर होता.