शिमग्यातली पोर

आमच्या गावात शिवी ही रोजच्या वापरातली गोष्ट होती. बापाच्या तोंडून शिवी निघाल्याशिवाय बैल उठत नसत, आणि आई त्याला जेवायला बोलवायची तीही त्याचं खानदान उद्धरूनच. कुणाला त्याचं काही वाटत नसे. आता शिव्यांचं कौतुक करणारे लोक भेटतात, मातीची भाषा वगैरे म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

शिमग्यात तर सगळी मुभाच. धुळवडीला सकाळी पुरुष दारोदार जात, घरधन्याच्या नावानं बोंब मारत आणि त्याच्या बायकापोरींवरून नाही नाही ते बोलत. ज्याला मुलगी नसे त्याला शिमग्यापुरती एक जोडून देत. ज्याच्या दारात बोंब पडली नाही तो माणूस गावाला नकोसा झाला, असं समजायचं.

फाळणीनंतर गावाला लागून असलेल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले. त्यांतला एक पापडवाला बापाचा जिवलग झाला. नवरा, बायको आणि दोन मुलगे गोणपाटाच्या आडोशाला राहत. बाप त्यांना वांगी, वाल नेऊन देई. बाप तापानं फणफणला तेव्हा हा माणूस त्याच्या उशाशी बसून होता.

त्यांच्या पहिल्या शिमग्याला बाप म्हणाला, "त्याच्या दारात बी जायाचं. तो काय परका हाय?"

"त्यांना आपलं कळायचं नाय," आई म्हणाली. पण ऐकतो कोण.

बराकीपुढं बोंब झाली. त्यांना समजावं म्हणून बाप मोडक्या हिंदीत ओरडला, शेटची पोर आम्ही पळवली, आमच्या माळ्यावर कोंडली. पुढचं मी लिहिणार नाही. पापडवाला मान खाली घालून उभा राहिला. कुणीच हसलं नाही तेव्हा बाप चेहरा पाडून घरी आला.

दुपारी पापडवाल्याची बायको अनवाणी आमच्या अंगणात आली. "अदा, मेरी बेटी ऊपर है ना? नीचे लाओ," ती बापाला म्हणाली. अदा म्हणजे त्यांच्यात भाऊ. मागोमाग नवरा धावत आला, आणि त्याच्याकडून आम्हाला कळलं की त्यांना एक मुलगी होती. इकडे येताना गर्दीत तिचा हात सुटला. हे त्यांनी इथं कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणूनच त्या बाईला वाटत होतं, यांना ठाऊक आहे म्हणजे मुलगी यांच्याकडेच असणार.

"झूठ बोला मैं, बहन. हमारा शिमगा ऐसाच होता," बाप रडत म्हणाला. तिला ते पटेना. शेवटी त्यानंच माळ्याला शिडी लावली. तिनं सगळा पेंढा उपसला, मडकी सरकवली, कोपऱ्याकोपऱ्यात मुलीच्या नावानं हाका मारल्या. खाली आली तेव्हा केसांत काड्या अडकल्या होत्या, आणि आईला त्या काढू देत ती उभी राहिली. ती आमच्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं बापापुढं हात जोडले.

"तुम्हारे घर में नहीं, तो किसके घर में है?"

मग ती गावातल्या एकेका दारात जाऊन माळा दाखवा म्हणू लागली, आणि सकाळी बोंब मारणारे ते सगळे पुरुष मुकाट्यानं तिच्यासाठी शिडी लावत गेले.