फॅटच्या मशीनला लावलेलं कुलूप

डेअरीतून दुरुस्तीला आलेलं फॅटचं मशीन उघडलं की आत नासक्या दुधाचा पिवळा थर, झुरळांची पिल्लं आणि कधीकधी उंदराच्या लेंड्याही निघायच्या. भाग्यश्री नाकाला ओढणी बांधायची, बोर्ड बाहेर काढून पुसायची आणि कामाला लागायची. तिला किळस यायची, पण ती नाकापुरती. हात धुतले की जायची.

भाग्यश्री खुटबावची. घरी आई जाईबाई आणि एक गाय. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती शिक्रापुरात खोली घेऊन राहिली होती. हायवेलगतच्या एका गाळ्यात सत्यजीत नावाचा माणूस दुधाची फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो तो स्निग्धांश, मोजणारी मशीनं जुळवून आसपासच्या डेअऱ्यांना विकायचा. तिथं मशीनच्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी काडेपेटीएवढा एक डीबगर असे. त्याचं एक टोक लॅपटॉपच्या यूएसबीत जायचं, दुसऱ्या टोकाच्या वायरी बोर्डावर. त्यातून प्रोग्राम भरता येतोच, शिवाय चालती चिप मध्येच थांबवून ती आत काय करतेय ते एकेक पायरी बघता येतं.

एके दिवशी सत्यजीतनं तिला नवी फाईल दिली.

"केंदूरच्या पुढच्या वाडीचं मशीन आहे. हे नवीन व्हर्जन भर आणि उद्या तूच नेऊन बसव."

तिनं फाईल भरली आणि नेहमीसारखं दूध लावून बघितलं. मघाशी जुन्या प्रोग्रामवर ज्या दुधाची फॅट चार-एक आली होती, तेच आता तीन-सात दाखवत होतं. तिनं नळी धुतली, परत लावलं. तीन-सातच. आपलंच काही चुकलं असं समजून तिनं डीबगरवरून चिप थांबवली आणि पायरी-पायरीनं पुढे गेली. शेवटच्या वळणावर सगळं उघडं पडलं. आलेल्या फॅटमधून चार पॉइंट गुपचूप कापले जात होते. मात्र दूध लावण्याआधी नळी धुवायचं बटन जरा दाबून धरलं, की काप नाही, खरा आकडा.

सत्यजीत टेबलावर मिसळ खात बसला होता.

"सर, हे काय आहे?"

"कॅलिब्रेशन."

"माणूस बघून कॅलिब्रेशन होतं का?"

तो हसला. दातात मटकी अडकलेली. "अगं, चेअरमनला आपली माणसं सांभाळावी लागतात. मोठ्या गोठ्याची फॅट मारली तर दुसऱ्या दिवशी डेअरीत राडा. एका गाईवाले कुठं बोलतात?"

आणि त्यानं रस्सा भुरकला. भाग्यश्री मागच्या मोरीवर जाऊन वाकून उभी राहिली. घासून हात धुतले, तरी ते आपले वाटेनात. ती फाईल याच हातांनी भरली होती.

सकाळी ती मशीन, लॅपटॉप आणि डीबगर घेऊन वाडीत पोचली. चेअरमन हौसराव खुर्ची टाकून बसले होते. दारात किटल्यांची रांग. "पहिलं सँपल मी लावते," असं ऑपरेटरला सांगून ती मशीनपुढं बसली. पहिली किटली वस्तीवरच्या सरूबाईंची. फॅट आली तीन-चार.

"आता हे बघा मावशी." भाग्यश्रीनं बटन दाबून धरलं आणि तेच दूध पुन्हा लावलं. तीन-आठ.

"आगं, हे गं काय?"

"दूध एकच हाय तुमचं. बटन दाबलं तर खरं दाखवतंय, न्हाई दाबलं तर खोटं."

हौसराव उठले. "ए पोरी, मशीन बिघडलंय तुझं. उचल आन् चालती हो."

"बिघडलं न्हाई. तुम्ही सांगितलं तसंच बनवलंय."

तिला वाटलं, आता बोंब उठेल. पण तेवढ्यात मागून मारुतराव पुढं सरकले. मोठा गोठा, दोन भले कॅन. ऑपरेटरला म्हणाले, "चल, आवर. दूध नासंल. माझं ते बटन दाबून घे."

आवाजात लाज नव्हती की चोरटेपणा नव्हता. चहात साखर जास्त टाक म्हणावं, तसे बोलले. भाग्यश्री त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. सत्यजीतपेक्षा तिला या माणसाची जास्त शिसारी आली.

सरूबाईंनी किटलीला झाकण लावलं आणि त्या मशीनला पाठ लावून खाली बसल्या. "खरं मोजल्याबिगर कुणाचंच दूध हालायचं न्हाई." वस्तीवरच्या आणखी बाया येऊन शेजारी बसल्या. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागलं, तसे हौसराव खाली बसले. "भर बाई, काय खरं भरायचं ते भर," ते भाग्यश्रीला म्हणाले.

भाग्यश्रीनं तिथंच मशीनचं झाकण उघडलं, वायरी जोडल्या, जुना खरा प्रोग्राम भरला. मग चिपला कायमचं कुलूप घातलं. असं कुलूप एकदा बसलं की पुन्हा कुठलाच डीबगर आत शिरू शकत नाही.

"आता यात कुणाला काही भरता येणार न्हाई," ती म्हणाली. "मलापण न्हाई."

त्या सकाळी सगळ्यांचं दूध खरं मोजलं गेलं. मारुतरावांचंही.

नोकरी त्याच दुपारी गेली. पंधरवड्यात हौसरावांनी ते मशीन अडगळीत टाकून दुसरीकडून नवं आणलं. सरूबाई आणि वस्तीवरच्या बाया आता पलीकडच्या गावी, चालत जाऊन, दुसऱ्या डेअरीत दूध घालतात. बाकीची रांग जिथं होती तिथंच आहे.

भाग्यश्री आता एका कारखान्यात गाड्यांच्या बोर्डांत प्रोग्राम भरते. परवा जेवणाच्या सुट्टीत सत्यजीतचा फोन आला. आवाज गोड.

"झालं गेलं सोड. एवढंच सांग, ते कायमचं लॉक कसं केलंस? आपल्या त्या चार पॉइंटवाल्या फाईलला लावलं, की कुणी आत डोकावायलाच नको."

"थू तुमच्यावर," ती म्हणाली आणि फोन कापला. शेजारी जेवणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. तिनं डबा झाकला. ते कुलूप कसं घालायचं, हे चिपच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. आज ना उद्या त्याला सापडेलच. हे ठाऊक असल्यामुळंच तिला पुढं जेववेना.