सरजाबाईची चंची

राणीसावरगावच्या सरजाबाईच्या कमरेच्या चंचीत सुपारीशेजारी उरलेल्या गोळ्या असायच्या. गल्लीत कुणाचं काही दुखलं की ती मागे-पुढे न बघता काढून द्यायची.

गेल्या साली जावेचा गुडघा ठणकत होता, अंगाला खाजही सुटलेली. सरजाबाईनं तिला आपली कळेवरची जालीम गोळी दिली, वर खाजेचीही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जाऊ हलवूनही उठेना. दवाखान्यात कळलं, दोन्ही गोळ्या गुंगीच्या. एकत्र पोटात गेल्या की श्वासही मंदावतो. जाऊ वाचली. सरजाबाईचं गोळ्या वाटणं सुटलं; चंचीत उरल्या त्या तिच्या स्वतःच्या रोजच्या गोळ्या.

परवा तिलाच सर्दी झाली. डॉक्टरनं मान वर न करता चिठ्ठी लिहायला घेतली. सरजाबाईनं त्याच्या कागदावरच चंची पालथी केली.

“आदी हे बघा. मंग लिवा.”