चौदा गुणिले चार

आमचे हे शिंपी. हात सोन्याचा, पण शब्दाचा काही भरवसा नाही. तेहतीस वर्षं गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगतायत, आणि यांचा उद्या चौथ्या दिवशी उजाडतो हे सगळ्यांना पाठ आहे. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही हो! तिच्या लग्नाचा पोशाख शिवून झाला तेव्हा पाहुणे जेवून घरी पोचले होते. पोर माझ्या जुन्या कपड्यांत लग्नाला उभी राहिली.

आता ती सातासमुद्रापार, नववा महिना लागलेला. फोनवर म्हणाली, बाळाला पहिलं झबलं बाबांच्या हातचंच घालणार. आणि वर बजावलं,

"या वेळी तरी वेळेवर द्या, बाबा."

यांचं तोंड एवढंसं झालं.

तिकिटं काढली. अंतर अकरा हजार सातशे किलोमीटर, वेळ चौदा तास दहा मिनिटं. यांनी शेजारच्या मास्तरणीचा पृथ्वीचा गोल आणून त्यावर टेप लावली. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत वीतभर आणि वर चार बोटं. म्हणाले, चौदा सांगतायत म्हणजे धंद्याच्या रीतीनं छप्पन्न धरायचे. मी म्हटलं, सगळं जग शिंपी नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी! छप्पन्न तासांत तीन झबली होतील म्हणाले, आणि नुसतं कापलेलं कापड पिशवीत टाकून निघाले.

तपासणीत कात्री काढून घेतली, सुई तेवढी राहिली. विमानात दातांनी दोरा तोडत कामाला बसले. एक बाही लागली तोच शेजारच्या गृहस्थांचं कोटाचं बटण तुटलं. यांना कुठलं राहवतंय? कोट मागून घेतला. ते बघून मागच्या बाई उसवलेला स्वेटर घेऊन आल्या, आणि बघता बघता रांगच लागली. मी कपाळावर हात मारला. हे एकेकाचा कपडा ठेवून घेत होते आणि सांगत होते, उद्या या.

विमान बारा मिनिटं आधी उतरलं. दोन प्रवासी ब्लँकेट गुंडाळून उभे, आणि हे हवाई सुंदरीवर चिडलेले, की दिलेल्या वेळेआधी पोचवायची ही कुठली पद्धत!

लेक बाहेर उभी होती. तिनं एका बाहीचं झबलं हातात घेऊन बघितलं आणि परत दिलं. यांनी सवयीनं "उद्या" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पण नात आजोबांवर गेली. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेली तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. अकराव्या दिवशी आली. तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा आमचे हे दवाखान्याच्या बाकावर घडी घातलेलं झबलं मांडीवर घेऊन बसले होते, दोन्ही बाह्या, बटणं, सगळं झालेलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच गिऱ्हाईक यायच्या आधी कपडा तयार होता.